व्हाळ म्हणजे शीव नव्हे

इलेक्शन सेक्शनमध्ये आहे म्हटलं की समोरचा हसतोच. "मज्जा आहे बुवा तुमची! पाच वर्षांतून एकदा काम!" आता यांना काय सांगायचं? मधल्या काळात आम्ही देश वाटत असतो, बाबांनो! आणि देश वाटायला बसलं की किस्से साचतात, टेबलाखाली चहाचे कप साचतात तसे. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण उचलायलाही कोणी येत नाही.

ऑफिस कुठलं ते विचारू नका. डिचोलीच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. मी धारगळहून रोज स्कूटरने येतो-जातो, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत आणि पेन्शन मला प्यारी आहे. गावांची नावंही सांगणार नाही.

पण वाटणी कशी होते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुठल्या राज्याला किती खासदार ते दिल्लीत ठरतं. गोव्याला दोन. म्हणजे गोव्याचे दोन तुकडे, उत्तर आणि दक्षिण. एकेका तुकड्यात विधानसभेचे वीस मतदारसंघ. आणि विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे सझांची गोधडी. सझा म्हणजे एका तलाठ्याच्या ताब्यातला मुलूख. आता प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी हवीत. कुठे कमी पडली की शेजारून ओंजळभर उचलायची आणि इकडे ओतायची. सह्या वरच्यांच्या, पण पेन्सिल आमच्या सर्व्हेअरच्या, फडतेंच्या हातात!

*

फडतेंचं व्हाळांवर प्रेम. व्हाळ म्हणजे ओहोळ. नकाशावर निळी रेघ दिसली की गड्याचा चेहरा फुलतो. "माणूस हलतो, घर हलतं, झाड मरतं. व्हाळ हलत नाही. हद्द घालायची तर व्हाळावर!" हा फडतेंचा कायदा. नवीन आलेल्या प्रत्येक साहेबाला ते तो पहिल्या दिवशीच ऐकवतात.

मागच्या सीमांकनाच्या वेळची गोष्ट. दोन शेजारच्या मतदारसंघांचा हिशेब काही केल्या बसेना. एकात माणसं जास्त, दुसऱ्यात कमी. फडते दोन दिवस नकाशावर वाकून होते, मग एकदम म्हणाले, "मिळाला!"

मिळाला होता व्हाळ. एका गावाच्या मधून जाणारा. अलीकडे देऊळ, शाळा, रेशनचं दुकान, स्मशान, म्हणजे अख्खा गाव. पलीकडे एकच वाडा. गाव त्याला पैलवाडा म्हणतो. मध्ये साकव, म्हणजे माडाच्या ओंडक्यांचा पायपूल. फडतेंनी व्हाळावरून पेन्सिल फिरवली. पैलवाडा शेजारच्या सझात गेला, तो सझा पलीकडच्या मतदारसंघातला, आणि गणित सुटलं.

त्या वेळचे साहेब नवीन होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तिथे राहतं कोण?"

फडते म्हणाले, "आकडा बसवणारे राहतात, साहेब!"

सगळे हसलो. साहेबही हसले. तेवढ्यात चहा आला.

*

मग एक दिवस ऑफिससमोर खाजगी बस येऊन उभी राहिली. तिथे स्टॉप नाही. कंडक्टर उतरला, काखेत चामड्याची पिशवी, कानावर पेन, आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसला.

"आमचो वाडो तुमी चोरलो!"

सगुण गावस, राहणार पैलवाडा. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेल्यालाही तिकीट काढावंसं वाटेल. साहेब म्हणाले, बसा. हा म्हणतो, "बसूंक वेळ ना सायबा, भायर पाशिंजर आसात!"

त्याचं म्हणणं एकच. वाडा गावात परत घाला. का, तर गावाची शीव व्हाळावर नाहीच मुळी. ती वाड्याच्या पाठीमागे, सातवणीच्या झाडापाशी आहे. गावात सून आली की वऱ्हाड त्या झाडाखाली थांबतं, राखणदाराला गाऱ्हाणं घालतं, नारळ फोडतं आणि मगच पुढे सरतं. परगावचं मयत आपल्या हद्दीतून न्यायचं झालं तरी तसंच. राखणदार म्हणजे शीव सांभाळणारा देव. त्याच्या हद्दीत शिरायचं तर परक्याने नारळ द्यायचा.

"व्हाळार आमी केन्नाच नारळ फोडूंक ना!" सगुणने टेबलावर हात आपटला. "व्हाळ म्हणजे शीव न्हय सायबा!"

साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "या राखणदाराचा सर्व्हे नंबर काय?"

"राखणदाराक कसलो सर्व्हे नंबर? तो स्वता सर्व्हे करता, दर अमाशेक! आनी तेका तुमच्या फडत्यांची गरज पडना!"

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न धरून ठेवला होता. बसमधून एका मासेवालीचा आवाज आला, "रे सगुण, माझें नुस्तें कुसतलें मरे!"

सगुण गेला. पण फडतेंना टेप घेऊन वाड्यावर जावं लागलं, पाहणीसाठी. मीही गेलो सोबत. सगुणची बायको शेवंती. तिने आम्हाला अंगणात बसवून चहा दिला, वर घावणे वाढले. सगुण दिवसभर फडतेंशी भांडत होता आणि ती फडतेंच्या ताटात आणखी एक घावणा घालत होती. माहेर आमच्या पेडण्यातल्या चोपड्याचं, पाहुण्याला उपाशी कशी पाठवेल! फडतेंनी खाल्लं, सातवण पाहिली, आणि येऊन शेरा मारला, "झाड आहे. हद्द व्हाळावरच योग्य."

*

खाणीचा किस्सा ऐका. हाही फडतेंच्याच व्हाळाचा.

एका खाणीच्या गावात अशीच व्हाळावर हद्द. पुढे एका साहेबांना वाटलं, आपण प्रत्यक्ष पाहून येऊ. जीपने गेलो. बघतो तर व्हाळ नाही! डोंगर नाही, काजूची बाग नाही. समोर भला मोठा खड्डा, आणि तळाशी हिरवंगार पाणी. व्हाळ खाणीने कधीच गिळला होता.

कडेला गुरं चारणारा एक म्हातारा उभा होता. त्याची म्हैस गेल्या पावसात त्या पाण्यात गेली ती वर आली नाही. त्याच्या आधी एक माणूस गेला होता, तोही तसाच. हे तो अगदी सहज सांगत होता. साहेब फडतेंवर घसरले. "कुठे आहे तुमची हद्द?"

फडतेंनी नकाशा उघडला, खड्ड्याच्या मध्यावर बोट रोखलं. "हद्द आपल्या जागेवर आहे, साहेब. जमीन गेली!"



*

सगुण येतच राहिला. साहेब बदलले, तो बदलला नाही. बस थांबवायची, आत यायचं, भांडायचं, पाणी प्यायचं, जायचं.

एका साहेबांनी सांगितलं, "आता सीमांकन आयोगच नाही. आयोग आल्यावर या."

पुढच्यांनी सांगितलं, "आता जनगणना येते आहे. हद्दी गोठवल्या."

"गोठयल्यो? म्हणजे बर्फांतल्या बांगड्यांसारक्यो?"

"तसंच समजा."

"मागीर बर्फ केन्ना वितळता?"

साहेबांनी समजावलं. जनगणना झाली की आयोग येतो. आयोग त्याच गोठलेल्या हद्दी धरून वाटणी करतो. ती झाली की पुन्हा कित्येक वर्षं कोणी हात लावत नाही.

सगुणने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आदीं आयलो तर बेगीन, मागीर आयलो तर उशीर. मदीं केन्ना येवंचें?"

आमच्या हेडक्लार्क नाईक मॅडमनी फायलीतून मान न काढताच सांगितलं, "मध्ये लंच असतो!"

मॅडमना वाटलं आता हा भडकणार. पण सगुण खो खो हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि हसत हसत बाहेर गेला. मला ते हसणं आवडलं नाही.

*

आता आमच्या पेडण्याचा एक. धारगळच्या हायवेपासून जरा आत, बांधकामावरच्या कामगारांच्या पत्र्याच्या शेड होत्या. सगळी कोल्हापूर, बेळगावकडची माणसं. जनगणनेत त्यांना मोजायला मला पाठवलं होतं. मोजणी मतदारांची नसते, माणसांची असते. जो जिथे राहतो तिथे धरायचा. खासदार-आमदारांची वाटणी त्या मोजणीवर.

चंदगडकडचा एक गवंडी चूल पेटवत होता. त्याने विचारलं, "साहेब, आमाला मोजून कुणाचा फायदा?"

मी म्हटलं, "पेडण्याचं वजन वाढतं."

"आनि आमचं मत?"

"ते तुमच्या गावी."

तो फुंकणी बाजूला ठेवून विचार करत बसला. "म्हंजे मोजायला हितं, मत द्यायला चंदगडला. आनि मरायचं कुठं, त्येबी सांगा की!"

बाकीचे हसले. मीही हसलो. पुढे तोच गवंडी परांचीवरून पडला. त्याला टेम्पोत घालून गावी नेलं. त्याच्या शेडमध्ये दुसरे आले. आमच्याकडे तो मोजलेला होता, तो मोजलेलाच राहिला. पेडण्याचं वजन काही कमी झालं नाही.

*

लोकसभेची निवडणूक आली की सगुणला हुरूप यायचा. कारण आमदार दोन असले तरी खासदार एकच! व्हाळाच्या दोन्ही काठांना. साकवाचा प्रश्न त्यालाच घालायचा. साकव कुजत चालला होता. गावचा आमदार म्हणे, पलीकडचं टोक माझ्यात नाही. वाड्याचा आमदार म्हणे, अलीकडचं टोक माझ्यात नाही. पावसात मुलं शाळेत जायची ती हा साकव धरून, आणि आया काठावर उभ्या राहून बघायच्या.

एका उमेदवाराला सगुणने खरंच साकवावर आणलं. सोबत ढोल, झेंडे, कॅमेरेवाला. उमेदवार मधोमध उभा राहिला आणि त्याला भाषण सुचलं. "बंधू-भगिनींनो, हा नुसता साकव नाही! दोन काठांना जोडणारा हा साकव म्हणजेच आपली लोकशाही!"

टाळ्या पडल्या. कार्यकर्ते उत्साहाने साकवावर चढायला लागले.

सगुण काठावरून ओरडला, "सायबा, लोकशायेर चडूं नाकात! मदलो ओंडो कुसला!"

कॅमेरेवाला आधी पळाला, मग उमेदवार. फोटो मात्र छान आला होता. साकव तसाच राहिला.

*

माणसं अशी एकदम तुटत नाहीत. हळूहळू तुटतात.

वाडा पलीकडच्या मतदारसंघात गेला आणि मतं पलीकडे पडायला लागली. गावाचा उमेदवार थोडक्यात हरला. झालं! गावाला वाटलं, आपली माणसं असती तर निवडून आला असता. देवळाच्या सभामंडपाला पैसे आले ते गावच्या आमदाराकडून, त्यामुळे कमिटीतून वाड्यातले दोघे गळले. नळ आला तो साकवाच्या अलीकडेच थांबला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवाची पालखी घरोघर फिरते. शेवटी साकव ओलांडून पैलवाड्यात जाते. पिढ्यान्‌पिढ्या जात आली. त्या वर्षी शेवंतीने अंगण सारवलं, रांगोळी घातली, समई लावली. ढोल जवळ आला. साकवापर्यंत आला. आणि तिथून मागे वळला.

सगुण धावत साकवावर गेला. पालखीपुढे दत्ताराम गावकर होते, गावचे मानकरी, सगुणच्या वडलांचे जिवलग. ते म्हणाले, "पालखी मतदारसंघाच्या भायर वचना."

दुसऱ्या दिवशी सगुण आमच्याकडे आला. त्या दिवशी बस नव्हती आणि आवाजही नव्हता. बाकावर बसला. मी म्हटलं, सगुण, चहा घे. म्हणाला, "नाका भाऊ. ती सांजसर समईच्या मुखार बसून आसली. तेल सरलें तरी उठूंक ना."

फडते समोरच होते. ते नकाशाची गुंडाळी उघडत राहिले, बंद करत राहिले. मला त्या क्षणी फडतेंचा भयंकर राग आला आणि कीवही आली.

*

आणि अखेर, ज्याची कोणी खात्री दिली नव्हती ते झालं. सगुण वेळेवर आला! जनगणनेआधी हद्दी पुन्हा गोठणार होत्या आणि त्याआधी सझांच्या हरकतींची सुनावणी लागली. मोठे अधिकारी आले. सगुण इस्त्रीचा शर्ट घालून आला. अधिकारी चांगले होते, खोटं कशाला बोला. म्हणाले, "रिवाज असेल तर विचार करू. पण गावाने सांगायला हवं, की वाडा आमचा आहे."

गावाच्या वतीने दत्ताराम गावकर उभे राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "पैलवाडा तुमच्या गावचा?"

गावकरांनी वर पंख्याकडे पाहिलं. "आदीं आसलो."

"आणि आता?"

"आतां तांचो आमदार वेगळो."

सगुण उठला. ओरडला नाही. "दत्तारामबाब, तुजी बायल गावांत आयली तेन्ना नारळ खंय फोडलो?"

"सातवणीकडे."

"माझ्या आवयचो?"

"सातवणीकडे."

"मागीर?"

गावकर बसता बसता म्हणाले, "मागीर कितें रे? तेन्ना इलेक्शन नासलें!"

हॉलमध्ये हशा पिकला. अधिकाऱ्यांनीही तोंडावर रुमाल धरला. हरकत फेटाळली. सगुण दाराशी चपला शोधत होता, त्याच्या पायाजवळच होत्या त्या. शेवटी मीच पुढे सरकवून दिल्या.

*

हा शेवटचा.

सगुण बसमध्येच गेला. तिकीट फाडता फाडता खाली बसला तो उठला नाही. छातीत कळ आली म्हणतात. आम्हाला ऑफिसात कळलं तेव्हा फडते कधी नव्हे ते माझ्या आधी उठले. "चल," म्हणाले. माझ्या स्कूटरवरून दोघं गेलो.

स्मशान गावात, म्हणजे व्हाळाच्या अलीकडे. आम्ही साकव ओलांडून वाड्यावर पोचलो तेव्हा तयारी झाली होती. वाड्यातल्या चौघांनी तिरडी उचलली. आम्ही मागे. साकवापाशी आलो आणि सगळे थांबले.

पलीकडच्या काठावर गाव जमला होता. सगळा गाव आला होता, हे सांगायला हवं. सगुणच्या बसने रोज जाणारे-येणारे, ती मासेवाली, शाळेचे मास्तर. पुढे दत्ताराम गावकर, खांद्यावर पंचा. रडतही होते. पण साकवावर एकानेही पाय टाकला नाही.

वाड्यातला एकजण ओरडला, "दत्तारामबाब, फुडें येयात! खांदो दियात!"

गावकरांनी डोळे पुसले. म्हणाले, "शीव ही. नारळ फोडून येयात."

वाड्याची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. नारळ आणलाच नव्हता. व्हाळावर नारळ लागतो हे वाड्यात कोणाला माहीतच नव्हतं. तिरडी खांद्यावर होती, माणसं खांदे बदलायला लागली.

शेवंती अंगणातून हे बघत होती. घर साकवाला लागूनच. ती उठली, आत गेली, बाहेर आली ती हातात नारळ घेऊन. बायका तिला धरायला धावल्या. तिने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. ती तिरडीच्या बाजूने चालत पुढे आली, वाड्याच्या माणसांना ओलांडून, मला ओलांडून, आणि फडतेंसमोर उभी राहिली. नारळ तिने त्यांच्या हातात ठेवला.

"भाऊ, तुमी फोडात," ती म्हणाली. "तुमची शीव."

फडते नारळ धरून उभे राहिले. मग साकवाच्या तोंडाशी वाकले. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला.

पलीकडची माणसं साकवावर आली आणि त्यांनी खांदा दिला.